शिवडीच्या चिखलाचा अल्बम

घोडपदेवच्या गुरुदत्त तोरसकरांनी उभी हयात लोकांची लग्नं टिपण्यात घालवली. अखेरीस त्यांनी ड्रोन घेतला, त्याचा रीतसर परवाना काढला, आणि नेमक्या त्याच सुमारास प्रत्येक नवरीला एकेक मोबाइलवाला भाऊ फुटला. स्टुडिओचं शटर खाली आलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नव्याने काम देणारे लोक फारसे नसतात. पाणथळ जागांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेतली अनुजा ही त्यांपैकी एक निघाली. शिवडीच्या खाडीवर ड्रोन उडवायचा. तिवरं किती, चिखल किती, भराव कुठवर सरकला, याचा नकाशा करायचा. पहिलं काम जमलं, तर पुढची मिळणार होती.

"म्हणजे चिखलाचे फोटो काढतलात," त्यांच्या पत्नी सुभद्राबाई म्हणाल्या. "आनि नवरी खंय?"

पहिल्या दिवशी तोरसकरांनी जीव ओतला. ऊन कलेपर्यंत थांबले, मग ड्रोन खाली आणून तिवरांभोवती असा फिरवला, की जणू आता अक्षताच पडायच्या. ओहोटीच्या पाण्यावर सोनं सांडलं होतं.

अनुजाने ऑफिसात सगळं बघितलं. "काका, फार सुंदर आहे."

या वाक्यानंतर 'पण' येतो, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"पण याचा नकाशा नाही होणार. सावल्या लांब, पाणी चकाकतंय, कॅमेरा तिरका. आपल्याला खाडी नटवायची नाहीये."

तोरसकर गुपचूप रिमोट बॅगेत ठेवू लागले.

"बॅग काय भरताय? परवा सकाळी पुन्हा ओहोटी आहे. इकडे या." तिने कागदावर रेघा मारून दाखवल्या. कॅमेरा सरळ खाली, ड्रोन नांगरासारखा इकडून तिकडे. आणि प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा यायला हवा, तरच ते एकमेकांना जोडता येतात. मध्ये काही राहिलं, की नकाशाला भोक.

"म्हणजे कुणाची आत्या राहता कामा नये."

"काय?"

"अल्बममध्ये एक आत्या नसली, तर वर्षभर फोन येतात, मॅडम. म्हणून आम्ही पाहुण्यांची प्रत्येक रांग दोनदा घ्यायचो."

"तेच," अनुजा हसत म्हणाली. "एकही आत्या सोडू नका."

ठरलेल्या सकाळी त्यांनी आयुष्यातलं सर्वांत कंटाळवाणं शूटिंग केलं. नकाशा अखंड आला. तिवरांच्या मागे राडारोड्याची एक करडी जीभ दिसत होती. गेल्या वर्षीच्या नकाशात ती नव्हती. अनुजाने ती लाल रेघेने वेढली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यातली ओहोटी धरून ठेवा, काका."

नकाशाची एक प्रत घेऊन तोरसकर घरी आले. देवापुढे नारळ ठेवून त्यांनी मालवणी रीतीने गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्यात काहीतरी मागायची पद्धत असते. त्यांनी काहीच मागितलं नाही. अनुजाचं नाव घेतलं, खाडीचं घेतलं आणि आजवर फोन करून भांडलेल्या समस्त आत्यांचा मानाने उल्लेख केला. सुभद्राबाईंनी प्रत्येक नावाला "होय म्हाराजा" म्हटलं. मग चष्मा लावून नकाशा न्याहाळला.

"बरो इलो हा," त्या म्हणाल्या. "कोणच हलूक नाय."