खरं बोल बाप्पा

जिवतीच्या रस्त्यावर आमचं दूध केंद्र आहे. तिथले भाऊ मोबाइलएवढ्या यंत्रात पट्टी खोचतात, तिच्यावर दुधाचा थेंब सोडतात आणि यंत्राला दटावतात, "खरं बोल बाप्पा!" जनावराला दिलेलं औषध दुधात उतरलं असेल तर लाल दिवा लागतो. मग भाऊ दूध परत करतात, तेही हसत हसत.

परवा त्यांच्याच बायकोने आणलेल्या दुधावर लाल दिवा लागला.

"म्हशीले सुई टोचाले डॉक्टर तुमीच त आनला!" बाई सगळ्यांसमोर कडाडल्या.

"म्हूनच त घेत नाई," म्हणत भाऊंनी कॅन परत केली.

आज त्यांच्या घरी गेलो, तर बाईंनी दोघांपुढे कोरा चहा आदळला. भाऊंनी खिशातून पट्टी काढून कपात बुडवली.

"थांबा, याच्यात राग किती उतरला, पाह्यतो."

बाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलतच होते.