म्हशीसमोर पेप्टाइडांवर व्याख्यान

समस्त नागरिकांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या कोल्हापुरात एका म्हशीने ऐन संध्याकाळी, पाहुण्यांदेखत, पान्हा चोरला.

कारण मी. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो आणि कॉलेज सुटलं तरी मला थांबवत नाही.

मुलीचं लग्न ठरलं होतं. जयसिंगपूरचे व्याही-विहीण पहिल्यांदाच घरी आले. विहीणबाई सकाळपासून एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. व्याही मात्र रश्श्यापासून चपलांपर्यंत सगळ्याला एकच म्हणायचे, "आमच्याकडंबी असतंय की!"

शेवटी गावाची अब्रू राखायला मी दोघांना दुधाच्या कट्ट्यावर नेलं. तिथं गवळी समोरच धार काढून फेसाळ पेला हातात देतो. "हे दूध पिऊनबी तसंच म्हणालात, तर मिशी उतरवतो!" मी जाहीर केलं.

विहीणबाईंच्या पेल्यात धार सुरू झाली आणि मला चेव आला.

"हिच्या मेंदूतून आता ऑक्सिटोसिन सुटलंय! अमिनो आम्लांची इवलीशी माळ. अशा माळेला म्हणायचं पेप्टाइड. ते कासेपर्यंत पोचलं की दूध उतरतं."

"आणि आमच्या शुगरचं काय?" व्याह्यांनी विचारलं.

"इन्शुलिन! तेबी पेप्टाइडच. पेशीचं दार वाजवून सांगतं, साखर आलीय, आत घ्या!"

दार कसं वाजवतं हे दाखवायला मी शेजारच्या पत्र्याच्या डब्यावर धाडधाड मुठी आपटल्या. म्हैस दचकली. धार बंद.

"बिथरवली की सर तुम्ही!" गवळी ओरडला.

"घाबरल्यावर ऑक्सिटोसिनचं काही चालत नाही. थांबा, मी चुचकारतो," म्हणत मी नको त्या बाजूनं गेलो. लाथ थेट गुडघ्यावर बसली. वेदना शमवायला शरीर एंडॉर्फिन सोडतं, तीही पेप्टाइडंच. माझी बहुधा एसटीनं निघाली होती.

मी मुकाट्यानं कट्ट्यावर बसलो. त्या शांततेत गवळ्यानं म्हशीची मान खाजवली, रेडकू पुढं आणलं, कासेला हात लावला. धार पुन्हा वाजू लागली. विहीणबाईंनी एक घोट घेऊन पेला परत पुढं केला.

मला राहवेना. मी उठलो, हात उंचावला. "पाहिलंत? हेच ते ऑक्सिटो—"

धार बंद.

"ह्या सरांना आणखी एक लाथ बसू दे की!" विहीणबाई कडाडल्या. "माझा पेला अजून अर्धाच हाय!"