स्क्रूला जंग नको म्हणून

आईच्या जबड्यात स्क्रू बसवून नवी दाढ लावली, तर ती तिथे ब्रशच लावेना. का, तर वखराच्या लोखंडी पासेला चढतो तसा पाण्यानं स्क्रूलाही जंग चढेल! पुढे हिरडी सुजली, रक्त येऊ लागलं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. स्क्रूभोवतीचं थोडं हाड झिजलं होतं. "याला जंग चढत नाही, घाण साचून हिरडी सडते," असं सांगून त्यांनी जागा साफ केली. गेलेलं हाड मात्र परत येणार नव्हतं. एसटीत गाव येईपर्यंत मी आईवर डाफरत होतो.

आता ती रोज त्या दाढेभोवती बारीक ब्रश फिरवते. हिरडी पुन्हा गुलाबी झाली आहे. परवा म्हणाली, "गेली ते माती गेली. राह्यली तेवढी धरून ठेवली का वावर पिकते." आणि मूठभर फुटाणे त्याच दाढेखाली घेतले.