बाने वाचायला लावलेला ठराव

माझा बा सरकारी माणसाशी कधी बोलायचा नाही. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आमची ठाकरांची वाडी. जीप चढताना दिसली की तो कुऱ्हाड घेऊन रानात निघून जायचा. ग्रामसभा खालच्या गावात भरायची. तिथे आमची माणसं दाराशी बसायची, सांगतील तिथे सही-अंगठा करायची आणि डोंगर चढून परत यायची.

आदिवासी वाडीला स्वतःची वेगळी ग्रामसभा घेता येते, हे मला कॉलेजात कळलं. घरी येऊन मी सांगितलं. वर्षभर अर्ज केले, हेलपाटे घातले, तेव्हा कुठे आमच्या अंगणात पहिली सभा भरली. अध्यक्ष वाडीतलाच हवा होता. बायकांनी बाचं नाव घेतलं, कारण विषय झऱ्याचा होता आणि झऱ्यातला गाळ दरवर्षी तोच काढायचा. धरणाच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्या एकाला त्या झऱ्यातून पाइप न्यायचा होता.

बा खुर्चीच्या टोकाला अवघडून बसला. बरीच चर्चा झाली आणि ठरलं, की होळीपर्यंत पाणी न्यावं, पुढे नाही. ग्रामसेवकांनी लिहून घेतलं आणि वही सहीला पुढे केली. बाने पेन घेतलं नाही.

"भाऊसाहेब, वाचून दावा."

त्यांनी वाचलं, "पाणी देण्यास सभेची हरकत नाही."

मला वाटलं, आता बा उठून रानात जाणार.

"असं आमी म्हनलो न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "होळीनंतर पानी न्हाई, ते बी लिहा. मंग सही करतो."

"गडबडीत राहिलं, बाबा." ग्रामसेवक ओशाळले. त्यांनी ओळ घातली, पुन्हा सगळं वाचलं. मग बाने सही केली.

सगळे गेल्यावर त्याने मला विचारलं, "माझं पाय लटपटत हुतं. लोकांना दिसलं का गं?"

"नाही रे बा."

सगळ्यांना दिसलं होतं. शेजारच्या म्हातारीने तर त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

होळी झाली आणि तंबूवाल्याने पाइप काढून नेला. वैशाखात हंडा भरायला वेळ लागायचा, पण भरायचा.

पुढच्या सभेला वाडीतली एक सून अध्यक्ष झाली. बा मागे बसतो, फारसं बोलत नाही. पण हल्ली सभा असली की आदल्या दिवशी आठवणीने दाढी करून घेतो.