हार्ड, हार्डली आन् एक मऊ मणी

साहेबानं डबा उचलला तो नेमका माझ्याच टेबलावरचा.

आमचं काम म्हंजे द्राक्षाच्या घडातला मऊ, फुटका मणी बारक्या कात्रीनं काढायचा आन् घड डब्यात बसवायचा. डबा जातो परदेशात. कडक मण्याला आमचं सगळं पॅकहाऊस हार्ड म्हनतं. मी नवीनच लागलेली. लेकरू घरी खोडदला सासूपाशी. आन् क्वालिटीच्या मॅडम सकाळीच बोललेल्या, आज जिच्या डब्यात मऊ निघंल ती उद्यापासून घरी.

साहेब माल तपासाया आलेले, लांबचे, मराठी येईना. मलाच इचारलं, "एनी सॉफ्ट वन्स?"

सॉफ्ट तेवढं कळलं. न्हाई सर, हार्ड हायेत, एवढंच म्हनायचं व्हतं. पन शाळेत बाईंनी घोकून घेतलेलं, स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. म्हनलं साहेबापुढं जरा पुरं इंग्रजी बोलावं.

"हार्डली, सर."

मॅडमनी डोळेच मिटले. साहेब हसले आन् एकेक घड उलटा करून बघाया लागले. आन् सापडला की. एकच मऊ मणी, पार देठापाशी लपलेला. झालं, उद्यापासून सासूसंगं कांदा खुरपायचा.

मॅडम माझ्यावर वरडनार तेवढ्यात साहेब इंग्रजीत कायतरी बोलले. मॅडम माझ्याकडं वळल्या.

"अगं, ते म्हणतात, ही खरं बोलली. डबा पास."

मॅडमनी सांगितलं, हार्डली म्हंजे कडक न्हाईच मुळी. म्हंजे जवळजवळ न्हाई, असला तर एखादा. मी म्हनले, मॅडम, हार्डचंच ना ते? त्या म्हनल्या, व्हय, आधी त्याचा अर्थ जोरानं असा व्हता, मग झाला कष्टानं. आन् जे लई कष्टानं सापडतं ते नसल्यातच जमा. आपन न्हाई का म्हनत, मुश्किलीनं एखादा निघंल? तसंच.

मग मॅडमनी मलाच पकडलं. "शी वर्क्स हार्डली म्हणजे काय, सांग."

"लई काम करती."

"नाही गं बाई. काडीचं काम करत नाही."

मला असं हसू फुटलं, कात्रीच हातातनं पडली. साहेब बी हसाया लागले, कशाला ते त्यांना कळलं नसंल.

सांजच्याला घरी आले तर सासूनं इचारलं, दमली का गं? मी ऐटीत म्हनले, "हार्डली." ती म्हनली, म्हंजे काय? मी हौसेनं सगळा अर्थ इस्कटून सांगितला.

"मंग भाकरी तूच थाप," म्हनली.

तवापासनं मी अर्थ सांगत न्हाई कुनाला.