झाकण लावायच्या आधी
परवा मुलीच्या खेळण्यातली तुटलेली वायर सोल्डर करताना राळेचा धूर नाकात गेला आणि मित्राचा तो गेम कन्सोल आठवला. त्यात कॉपी केलेले गेम चालवणारी चिप बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे, असं मीच फुशारकीनं म्हणालो होतो. पहिल्याच टाक्याला बोर्डावरचा तांब्याचा ठिपका उखडून वायरीसोबत वर आला. मित्र समोरच बसलेला. चिप विकणाऱ्या गुलमंडी बाजारातल्या चाचांना मी फोन लावला. "घाबरू नका मियाँ, त्या ठिपक्यापासून निघालेली रेघ धरून चला, पुढं दुसरा ठिपका भेटंल, तिथं जोडा." केसासारखी बारीक वायर उडू नये म्हणून पंखा बंद केला. घाम डोळ्यांत उतरत होता, वायर तीनदा निसटली, पण शेवटी जोडली आणि कन्सोल चालू झाला. मग मी झाकण बसवून स्क्रू आवळला. वायर त्याखाली चिरडली आणि दुसरा ठिपकाही उखडला. पुन्हा फोन. "झाकण लावायच्या आधी चालत होतं?" "लई मस्त चालत होतं, चाचा." "मग झाकण लावायची काय घाई होती?" मुलीचं खेळणं आता वाजतंय. ती रोज झाकण मागते. मी अजून दिलेलं नाही.