केरूबुवांचं नाव कापलंन त्याची गोष्ट

धोंडू गोरिवल्याला आमच्या आळीत कोणी चिडलेला पाहिला नव्हता. चिऱ्याच्या भिंती बांधणारा गवंडी; ओळंबा लावताना जितका गप्प, तितकाच घरात. बायको सीता म्हणायची, ह्यांच्याशी भांडायचं तर दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात. पण गणपतीत पोरं पायात चाळ बांधून जाखडीचा फेर धरू लागली, की मध्ये ढोलकीशेजारी बसलेला हाच मुखदुर्बळ शाहीर होऊन गरजायचा. आधी गण, मग गाणं, शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव. ते चुकवून चालत नाही. गुरूचं नाव न घेणारा तो निगुरा, आणि निगुऱ्यासमोर कोणी बारीला, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या सामन्याला, उभं राहत नाही.

धोंडूचे गुरू गुहागरचे केरूबुवा. तीन वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही, घराला कुलूप. नाव काय ते धोंडूच्या कडव्यात उरलेलं.

यंदा त्याला दर्शनने गाठलंन. एसटी स्टँडामागे या तरुणाचा गाळा आहे. तिथूनच मोबाईलवर बातम्या देतो, तिथेच गाणी रेकॉर्ड करतो. बातमी पुलाची असो की मयताची, सुरुवात "हाय गाईज"नेच. खड्ड्यांवरचं धोंडूचं गाणं त्याला भारी वाटलं. थोडं ट्रिम करतो हां काका, म्हणाला. धोंडूला वाटलं, चिरा बसवण्याआधी कडा तासतात तसलंच काही असेल. तास की, म्हणून मोकळा झाला.

गाणं आलं आणि आळीभर फिरलं. गणाच्या जागी "व्हॉट्स अप, रत्नागिरी". मध्येमध्ये "यो ब्रो". शेवटचं कडवं साफ गायब, तिथे दर्शनच्याच आवाजात "लव्ह यू गाईज, कीप रॉकिंग". खाली बातमी: धोंडूकाका फुल ऑन फायर, रत्नागिरीत टोटल राडा. कोकणात जन्म काढून ज्याने शेजाऱ्याशी बांधावरूनही कधी भांडण केलं नाही, त्याच्या नावावर राडा!

आळीने पेढे मागितले. धोंडूचं लक्षच नव्हतं. चतुर्थीनंतर ज्याच्याशी बारी ठरली होती, त्या शाहीर बाबल्याचा फोन येऊन गेला होता.

"गुरू बदललात की टाकलात, शाहीर? निगुऱ्यासमोर मी उभा राहणार नाय."

धोंडूने फोन ठेवला आणि उंबऱ्यावर बसून राहिला. बुवांनी मांडीला मांडी लावून शिकवलेलं, ते असं फेडलं म्हणायचं? सीतेने शेवटी सुनावलंन: "माझ्याकडे बघून काय होणार? ज्याने कापलंन त्याला जाऊन विचारा."

दुसऱ्या दिवशी कामावरून तसाच, हाताला सिमेंट घेऊन तो गाळ्यावर गेला. दर्शनने खुर्ची दिली, चाळीस हजार लोकांनी पाहिलं म्हणून कौतुक केलं. धोंडू म्हणाला, कडवं परत लाव, नाहीतर गाणं काढ. काढलं तर व्ह्यूज जातील, दर्शन म्हणाला. हवं तर नाव खाली कुठेतरी लिहू.

"चिल, काका. केरूबुवा कोणाला माहितीयेत?"

"नाहीत म्हणूनच घ्यायचं असतं," धोंडू म्हणाला.

दर्शन हसला. चारच्या बातम्यांची वेळ झाली होती. त्याने मोबाईल स्टँडला लावला, थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि "हाय गाईज" एवढंच बोलला असेल-नसेल, धोंडू उठून मोबाईलसमोर उभा राहिला.

"माझ्या गुरूचं नाव कापून ह्याने तिथे स्वतःचं लव्ह यू घातलंन," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाची जागा आहे ती. तुझ्या बापाचं नाव असं पुसलं, तर चिल म्हणशील?"

आणि ढोलकीशिवायच गायला लागला:

केरूबुवा गुरू माझे, गुहागरची माती,
धोंडू म्हणे त्यांच्या पायी माझी दिवावाती.

दर्शनने बंद करायला हात पुढे केला खरा, पण बघणाऱ्यांचा आकडा भराभर चढत होता. हात तिथेच थांबला. चिडलेल्या म्हाताऱ्यालाही गिऱ्हाईक असतं, हे त्या दिवट्याला पक्कं ठाऊक.

धोंडू घरी पोचेतो बाबल्याचा फोन. ऐकलं म्हणाला, या आता बारीला, कशी जिरवतो बघा. धोंडू बरं म्हणाला. सीतेला वाटलं, मिटलं एकदाचं.

"मिटलं कसलं," धोंडू म्हणाला. "गाणं अजून तसंच लावून ठेवलंन त्याने. उद्या चारला परत जातोय. काढेपर्यंत रोज जाणार."